वाचनयादी ठरण्याआधी ग्रंथपालांना बोलवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
विद्यापीठ ग्रंथालय समिती

सादर नमस्कार.

ग्रंथालयाचे अध्यापनसाहाय्य आणि ऑनलाइन सेवा सुधारण्यासाठी आपण शिक्षकांकडून सूचना मागवल्या आहेत. सोबतच्या नमुन्यात प्रत्येक सूचनेला दोन ओळींची जागा आहे. माझे म्हणणे तेवढ्यात मावत नाही. शिवाय त्यातला बराच भाग समितीइतकाच माझ्या सहकारी शिक्षकांनाही लागू आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी समाजशास्त्र शिकवते. काही सत्रांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी एका पुस्तकातली दोन प्रकरणे वाचून टिपण लिहायला सांगितले होते. पुस्तक आपल्या ग्रंथालयात ई-बुक स्वरूपात आहे, हे मी स्वतः कॅटलॉगमध्ये पाहून घेतले होते. मुदतीच्या आदल्या रात्री एकामागून एक निरोप येऊ लागले, ‘मॅडम, पुस्तक उघडत नाही.’ साठ जणांच्या वर्गात शेवटच्या रात्री जागे होणारे काही असतातच, म्हणून मी ती सबब समजले आणि उशिरा आलेल्या टिपणांचे गुण कापले. सत्र संपल्यावर ई-संसाधने सांभाळणाऱ्या ग्रंथपालांशी बोलताना हा विषय निघाला. त्यांनी संगणकावर एक अहवाल उघडून माझ्यासमोर ठेवला. त्या पुस्तकाचा परवाना एका वेळी एकाच वाचकाचा होता. एक मुलगी पुस्तक उघडून बसली की बाकीच्या एकोणसाठ जणांना ते बंद. त्या महिन्यात किती जणांना असे परत पाठवले गेले, त्याचा आकडा अहवालात होता. मुले खरे बोलत होती. मी वर्गात जाऊन त्यांची माफी मागितली, पण निकाल लागून गेला होता आणि कापलेले गुण परत देता आले नाहीत. ती बोच अजून आहे.

ग्रंथालयाने पुस्तक घेतले होते, मी ते नेमले होते. दोघांनीही आपापले काम केले, फक्त एकमेकांना विचारले नाही. सत्र सुरू होण्याआधी मी ‘हे पुस्तक साठ जणांना नेमते आहे’ एवढे एका वाक्यात कळवले असते, तर परवाना वाढवता आला असता, किंवा ती दोन प्रकरणे नियमांत बसवून वेगळी उपलब्ध करता आली असती, किंवा मी दुसरे पुस्तक निवडले असते. ग्रंथालयाची आठवण आम्हाला शिकवण्याच्या शेवटी होते. ती सुरुवातीला व्हायला हवी, इतकेच माझे सांगणे आहे. पुढे जे लिहिते ते सगळे याच एका गोष्टीतून निघते.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शियाली रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपात मांडले. त्यांतला पहिला, पुस्तके वापरण्यासाठी आहेत, आज इतका सरळ वाटतो की तो नियम म्हणून सांगावा का लागला, असा प्रश्न पडतो. पण युरोपात मध्ययुगापासून कित्येक ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधलेली असत आणि ग्रंथपालाचे काम मुख्यतः राखणदाराचे असे. त्या साखळीबद्दल एक गोष्ट मला वारंवार आठवते. बांधलेल्या पुस्तकापाशी जो जाऊन पोचला, त्याला ते उघडता तरी येत होते. आमचे विद्यार्थी कॅटलॉगमधून, लिंकवरून, पासवर्ड टाकून पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत पोचतात आणि तिथे त्यांना सांगितले जाते की सध्या उपलब्ध नाही. रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. ऑनलाइन सेवेची परीक्षा मी याच नियमावर घेते.

ही सेवा नेमकी कुठे अडते, ते थोडे खोलात सांगते, कारण ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना ही अडचण दिसतच नाही. नियतकालिकांचे प्रकाशक आपल्या विद्यापीठाला ओळखतात ते बहुधा संगणकाच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे जाळ्यावरच्या त्याच्या क्रमांकावरून. विद्यापीठाच्या जाळ्यावरून मागणी आली की लेख आपोआप उघडतो, लॉगिनही मागत नाही. विभागात बसून मी एखादा लेख उघडते, वरच्या पट्टीतला पत्ता उचलते आणि वर्गाच्या गटात टाकते. माझ्याकडे तो उघडला, म्हणून तो सगळ्यांकडे उघडेल असे मी धरून चालते. विद्यार्थी तोच पत्ता घरून किंवा वसतिगृहाबाहेरून मोबाइलवर दाबतो, तेव्हा त्याच्यासमोर लेख विकत घेण्याचा आग्रह करणारे पान येते. विद्यापीठाने त्या लेखाची वर्गणी आधीच भरलेली असते, हे त्याला ठाऊक नसते. त्याला वाटते, हे आपल्यासाठी नाही. तो परत फिरतो, आणि बहुतेक वेळा कुणाला सांगतही नाही.

यावरचे उपाय जुने आहेत. ईझीप्रॉक्सी ही प्रणाली १९९९ पासून वापरात आहे. लिंकच्या आधी प्रॉक्सीचा छोटासा तुकडा जोडला की ती वाचकाला आधी विद्यापीठाच्या लॉगिनकडे नेते आणि मग लेखाकडे. शिबोलेथसारख्या व्यवस्थेत विद्यापीठाचेच एक खाते ती व्यवस्था स्वीकारलेल्या सगळ्या प्रकाशकांकडे चालते. एकच लेख चार ठिकाणी असतो, त्यातली आपल्या संस्थेला खुली असलेली प्रत कोणती, हा प्रश्न सोडवण्यासाठी ओपन यूआरएल ही पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात सुरू झालेल्या कामातून पुढे आली. आणि डीओआय हा लेखाचा कायमचा क्रमांक आहेच. प्रकाशकाने संकेतस्थळाची रचना बदलली, तरी त्या क्रमांकाची नोंद अद्ययावत ठेवली असेल तर तो वाचकाला योग्य पानावर नेतो. ही सगळी अवजारे ग्रंथालयाकडे आहेत. ती आम्हा शिक्षकांच्या हातात आलेली नाहीत.

म्हणून पहिली मागणी अगदी लहान आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, शिक्षकांना सहज सापडेल अशा जागी, एक चौकट हवी. त्यात डीओआय किंवा लेखाचा पत्ता टाकला की घरूनही चालेल अशी लिंक तयार होऊन मिळावी. आणि समितीला एक विनंती. पुढची बैठक सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने मोबाइलचे वायफाय बंद करावे, विद्यापीठाचे जाळे सोडावे आणि चालू सत्रातल्या कोणत्याही एका वाचनयादीतल्या पाच नोंदी उघडून पाहाव्यात. लॉगिन विसरलेला, कोणत्या बटणाखाली आपले विद्यापीठ शोधायचे हे न कळणारा विद्यार्थी काय अनुभवतो, हे त्या दहा मिनिटांत समजेल. त्यानंतरची चर्चा फार वेगळी होईल, याची मला खात्री आहे.

वाचनयादीचे काम याहून मोठे आहे. माझा आग्रह असा की प्रत्येक विषयाची यादी सत्र सुरू होण्याच्या पुरेशी आधी ग्रंथालयाकडे जावी आणि ती तपासून परत यावी. पुस्तक आहे का, छापील प्रती किती, त्यातल्या काही घरी न देता वाचनकक्षातच ठेवायच्या का, ई-बुकचा परवाना किती वाचकांचा, लेखाची मुक्त प्रत लेखकाने कुठल्या संग्रहात ठेवली आहे का, हे प्रश्न ग्रंथपालाला काही मिनिटांत सुटतात आणि मला दिवसभर सुटत नाहीत. तपासलेली यादी मूडलवर, म्हणजे आपल्या ऑनलाइन अध्यापनाच्या संकेतस्थळावर, त्या-त्या आठवड्याच्या पाठाशेजारीच दिसावी. तीन ठिकाणी तीन याद्या ठेवल्या की त्यातल्या दोन हमखास शिळ्या होतात.

यादीतल्या उघड्या वेबपानांच्या लिंक्सकडेही लक्ष हवे. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी कायद्याच्या नियतकालिकांतल्या लिंक्स तपासल्या, तेव्हा हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तशा इतर नियतकालिकांतल्या ७० टक्क्यांहून अधिक लिंक्स मूळ संदर्भाकडे नेत नव्हत्या. माझ्या जुन्या याद्यांची गत याहून बरी असेल असे मानायला मला काही आधार नाही. महत्त्वाचे पान नेमताना त्याची जतन केलेली प्रत करून ठेवायची, हे आम्हाला कुणी शिकवलेले नाही. ग्रंथपालांनी ते शिकवावे.

आता मला दाखवलेल्या त्या अहवालाविषयी. ई-संसाधनांच्या वापराची मोजणी काउंटर नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. त्यात नकारांच्या दोन वेगळ्या नोंदी असतात. एक परवानाच नसल्यामुळे मिळालेला नकार, दुसरा वाचकांची मर्यादा ओलांडल्यामुळे मिळालेला. पहिला सांगतो की आपल्याकडे नसलेले काहीतरी वाचकांना हवे आहे. दुसरा सांगतो की घेतले, पण कमी घेतले. दुसऱ्या प्रकारच्या नकारांची ओळ जिथे अचानक उंचावते, तिथे बहुधा कुणीतरी शिक्षकाने ग्रंथालयाला न विचारता पुस्तक नेमलेले असते. वर्गणी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवताना समितीपुढे वापराचे आकडे येतात. त्यांच्या शेजारी नकारांचे आकडेही यावेत, आणि विभागप्रमुखांना ते दर सत्राला कळवले जावेत. किती वाचले गेले यापेक्षा किती जणांना वाचायला मिळाले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. मी दिलेली प्रकरणे स्कॅन केलेली होती, म्हणजे संगणकाच्या लेखी ती नुसती चित्रे होती. त्याच्या संगणकावरचा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा पडदावाचक त्या पानांपाशी येऊन गप्प होई. तो वर्गातल्या मित्राकडून वाचून घेत असे आणि त्याने ही गोष्ट मला सत्राच्या मध्यावर, तेही मी विचारल्यावर सांगितली. दृष्टिबाधित वाचकांसाठी सुलभ प्रती तयार करता याव्यात म्हणून मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये अमलात आला. पण करार असला तरी प्रत कुणीतरी तयार करावी लागते. स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर काढणे, तो तपासणे, शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण करणे, तक्त्यांचे वर्णन देणे, ही कष्टाची आणि वेळखाऊ कामे आहेत. देवनागरीत जोडाक्षरांमुळे यंत्राच्या चुका अधिक होतात, म्हणून माणसाने वाचून घेणे टळत नाही. यादी आधी मिळाली तर ग्रंथालय हे सत्रापूर्वी करू शकेल. सत्र सुरू झाल्यावर ते विद्यार्थ्याच्या मागून धावत राहते.

देवनागरीचा विषय निघालाच आहे, तर शोधचौकटीबद्दल मन मोकळे करते. आपल्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तक शोधणे ही आजही परीक्षाच आहे. काही नोंदी रोमन लिपीत, काही देवनागरीत, काही दोन्हीत. मार्क या नोंदपद्धतीत मूळ लिपीतली नोंद समांतर ठेवण्यासाठी ८८० क्रमांकाचे स्वतंत्र क्षेत्र आहे, म्हणजे सोय नाही असे नाही. ती भरलेली नाही. त्याहून सूक्ष्म अडचण अक्षरांच्या आतली आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, एकाच संकेताने लिहिता येतो, र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे दोन संकेत जोडूनही लिहिता येतो, आणि तो चंद्रकोरीसारखा र आणखी एका तिसऱ्या रीतीनेही उमटवता येतो. डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात. शोधयंत्राने ते एकरूप करून घेतले नाहीत, तर पुस्तक कपाटात असूनही ‘एकही नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी ‘नाव’ असे लिहून शोधतो आणि जुन्या शीर्षकापर्यंत पोचत नाही. इंग्रजीतल्या स्पेलिंगच्या चुका शोधयंत्र स्वतःहून दुरुस्त करून देते. तेवढी माया मराठीच्या वाट्याला का येऊ नये? ही मागणी पुरवठादार कंपनीकडे ग्रंथालयाने लेखी आणि ठामपणे करावी, त्यासाठी लागणारे शब्दांचे नमुने गोळा करून द्यायला भाषा विभागातले सहकारी आनंदाने तयार होतील.

आता वर्गाकडे येते. दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात ग्रंथालय दाखवले जाते. तासाभरात देवघेव विभाग, संदर्भ विभाग, डेटाबेसची नावे, लॉगिन. ज्याच्या डोक्यात अजून प्रश्नच नाही त्याला उत्तरे शोधण्याची जागा दाखवून काय हाती लागणार? दोन महिन्यांनी प्रकल्प हातात पडतो तेव्हा त्यातले काहीही आठवत नाही. हा तास बंद करावा असे मी म्हणत नाही. नव्या मुलाला इमारतीची भीती वाटू नये, एवढे काम तो करतो. पण शिकवणे म्हणून त्याची गणना होऊ नये.

शिकवणे कसे असते ते मी एकदा जवळून पाहिले. आरोग्याचे समाजशास्त्र या विषयात मी ग्रंथपालांना सहअध्यापनासाठी बोलावले, तेही प्रकल्पाचा विषय ठरण्याआधी. त्यांनी मुलांसमोर एक शोधनिबंध ठेवला. १९९८ मध्ये द लॅन्सेटमध्ये आलेला, बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला, एमएमआर लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा. त्यांनी आधी काहीच सांगितले नाही. फक्त म्हणाल्या, या निबंधाचे पुढे काय झाले ते शोधून आणा. काही मुलांना तो २०१० मध्ये मागे घेतल्याची नोंद प्रकाशकाच्या पानावर लगेच दिसली. काहींनी दुसरीकडून उतरवून घेतलेल्या प्रतीवर तसा शिक्काच नव्हता, आणि ती मुले तो निबंध प्रमाण मानून टिपण काढत बसली होती. मग दुसरा प्रश्न आला. मागे घेतल्यानंतरही त्याचा उल्लेख करणारे लेख शोधा आणि प्रत्येकाने तो कशासाठी केला ते सांगा. कुणी चूक दाखवण्यासाठी केला होता, कुणी लशीविषयीच्या भीतीचा इतिहास सांगण्यासाठी, तर कुणी न तपासता. त्या दोन तासांत मुलांना कळले की संदर्भ देणे म्हणजे आधी चाललेल्या बोलण्यात आपण भाग घेणे. कोणाचा शब्द कुठे प्रमाण मानायचा, हे प्रसंगानुसार ठरते, हेही कळले. माझ्या दहा व्याख्यानांनी एवढे साधले नव्हते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली माहितीसाक्षरतेची मानके केली होती. काय-काय यायला हवे याची ती यादी होती. २०१६ मध्ये संघटनेने ती बाजूला ठेवून सहा मूळ कल्पनांची चौकट स्वीकारली. अधिकार संदर्भाने ठरतो, विद्वत्ता हा संवाद आहे, शोध घेणे हा डावपेचांचा प्रवास आहे, अशा त्या कल्पना. या बदलाचे मला महत्त्व वाटते, कारण बटणे कुठे आहेत हे शिकवायला ग्रंथपाल एकटे पुरतात, पण या कल्पना विषयाच्या मातीशिवाय रुजत नाहीत. तिथे शिक्षक आणि ग्रंथपाल दोघेही लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही गरज तातडीची झाली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून संदर्भ विभागात एक नव्या प्रकारची विचारणा होऊ लागली. विद्यार्थी लेखाचे पूर्ण नाव, खरे वाटणारे लेखक, खंड, अंक, पृष्ठे घेऊन येतो आणि तो लेख मिळवून द्या म्हणतो. ग्रंथपाल शोधत राहतात. लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. हा प्रकार फक्त विद्यार्थ्यांत घडतो असेही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात वकिलांनी अस्तित्वात नसलेल्या निकालांचे दाखले सादर केले आणि त्यांना दंड झाला. बंदीचे फलक लावून यातून वाट निघणार नाही. डीओआय टाकून पाहा, नियतकालिकाचा तो अंक उघडून पाहा, सारांश तरी स्वतः वाचा, इतकी सवय प्रथम वर्षातच लागली पाहिजे. संदर्भ साठवून त्यांची सूची आपोआप जुळवणारे झोटेरोसारखे मोफत साधन २००६ पासून उपलब्ध आहे आणि मागे घेतलेल्या लेखाची सूचनाही ते देते. पण पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही त्याची ओळख प्रबंध लिहून होत आल्यावर होते. संदर्भसूची हाताने जुळवत रात्री घालवणारी मुले पाहिली की जीव हळहळतो.

मदतीच्या खिडकीबद्दल थोडे. संकेतस्थळावर आता संवादपेटी आहे, हे चांगलेच. तिच्यात स्वयंचलित उत्तरे बसवण्याचा विचार चालला आहे असे ऐकते. वेळापत्रक, विलंबशुल्क, नूतनीकरण यांसाठी जरूर बसवा. संदर्भप्रश्नासाठी मात्र माणूसच राहू द्या. सॅम्युअल ग्रीन या ग्रंथपालांनी १८७६ मध्ये वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातल्या व्यक्तिगत संबंधांवर निबंध मांडला, तिथून संदर्भसेवेची परंपरा सुरू झाली असे मानतात. त्यातला धडा असा की वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवे असतेच असे नाही. मुलगी विचारते, स्थलांतरावर पुस्तके आहेत का? दोन-तीन प्रश्न विचारल्यावर कळते की तिला हंगामी मजुरांच्या मुलांची शाळा का सुटते याबद्दल वाचायचे आहे. पहिल्या प्रश्नाला हजार नोंदी हे उत्तर आहे. दुसऱ्याला सहा लेख आणि एक अहवाल. मधले ते दोन-तीन प्रश्न विचारणे हीच ग्रंथपालाची विद्या आहे. परीक्षेच्या आणि प्रकल्पाच्या आठवड्यांत ही खिडकी रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली तर तिचा खरा उपयोग होईल, कारण मुले वाचतात ती तेव्हा.

एका बाबतीत मी सावध करू इच्छिते. वाचनयादी मूडलवर आली की कोणत्या विद्यार्थ्याने कोणता लेख कधी उघडला, किती वेळ पाहिला, हे शिक्षकाला दाखवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होईल, आणि कुणीतरी ते मागेलही. कृपया देऊ नका. कुणी काय वाचले हे ग्रंथपालाने बाहेर सांगायचे नाही, ही या व्यवसायाची जपलेली नीती आहे. आपल्याकडे कुणीतरी पाहते आहे असे वाटले की माणूस नेमलेलेच वाचतो. बाजूचे, अवघड, नावडते उघडून पाहत नाही. नकारांचे एकत्रित आकडे मला हवेत, विद्यार्थ्यांची नावे नकोत.

या सगळ्याला माणसे आणि वेळ लागतो. प्रत्येक विभागासाठी एक ग्रंथपाल ठरलेला असावा, विद्यार्थ्यांना त्याचे नाव ठाऊक असावे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत, नवा विषय चर्चेला येतो त्याच दिवशी, तो तिथे असावा. त्याने वर्गात घेतलेले तास अध्यापनाचे तास म्हणून नोंदले जावेत आणि अभ्यासक्रमपत्रिकेवर सहअध्यापक म्हणून त्याचे नाव छापले जावे. आज हे काम ग्रंथपाल आपल्या देवघेवीच्या आणि नोंदणीच्या कामातून वेळ चोरून करतात. माझ्या वर्गासाठी त्या बाईंनी दोन आठवडे संध्याकाळी थांबून तयारी केली होती, आणि त्यांच्या कामाच्या वार्षिक अहवालात त्याला जागाच नव्हती. नव्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव समितीपुढे लवकर मंजूर होतो. त्याच्यामागे बसणाऱ्या माणसाचा रखडतो. माणूस आधी मंजूर करा, असे मी आग्रहाने म्हणेन.

माझ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की यादी वेळेवर देणे हे आपले काम आहे. ती शेवटच्या आठवड्यात, तीही मागच्या वर्षीची तारीख बदलून पाठवायची आणि मग ग्रंथालयात काही मिळत नाही म्हणायचे, हे आपण थांबवू या. मीही हे केलेले आहे.

पुढच्या सत्रात मी एक नवा विषय शिकवणार आहे. त्याची कच्ची यादी अभ्यासमंडळाकडे जाण्याआधी या पत्रासोबत ग्रंथालयाकडे पाठवते आहे. तीत सतरा नोंदी आहेत. काल रात्री घरून, मोबाइलवर, त्या सगळ्या उघडून पाहिल्या. चार उघडल्या नाहीत, एका प्रकरणाची पाने वाकडी आणि पुसट आहेत, आणि एका पुस्तकाचा परवाना एकाच वाचकाचा आहे. या सहा नोंदींवर मी लाल खूण केली आहे. सोमवारी दुपारी मला तास नाही. संदर्भ विभागात येऊन बसते.

आपली,
समाजशास्त्र विभागातील एक अध्यापिका